एक हजार चोवीस

कुताइसी, सहावा मजला, रात्रीचे दोन.
इथल्या लिफ्टला नाणं लागतं,
म्हणून एकदा वर आलेला माणूस सहसा खाली जात नाही.
टेबलावर लॅपटॉप, त्याच्याखाली दोन विटा,
पंख्याला श्वास घ्यायला तेवढीच फट.

तामाझ, जुंबेर, वालिको.
तीन आवाज, तीन माइक, चौथा माइक खोलीचा.
आणि दर चार-पाच सेकंदांनी
कट्.
कट्-कट्.
भातात खडा लागावा तसं
गाणं दाताखाली येतं आणि थांबतं.

पहिला संशय तारेवर. बदलली.
मग वायफायवर. बंद.
मागे गुपचूप कसलंसं अपडेट उतरत होतं, त्याला हाकललं.
वीज वाचवायचा मोड म्हणजे कंजूष कारभारी,
प्रोसेसरने मान वर केली की दाबून खाली करणारा.
तोही काढला.
घुमाऱ्याचे चार थर चढवले होते मी, हौसेने,
जणू तिघं चर्चमध्ये गातायत.
तीन गोठवून टाकले.
खडे कमी झाले. गेले नाहीत.

मग बफर पाहिला: चौसष्ट.
रेकॉर्डिंगच्या दिवसापासून तसाच.
त्या दिवशी घाई खरी होती,
आपलाच आवाज कानात किंचित उशिरा आला
तर जुंबेर हेडफोन भिरकावतो.
(भिरकावला होता. त्याची चीर अजून आहे.)
पण आज समोर कोण गातंय?
या बिचाऱ्याला चमच्या-चमच्याने
विहीर उपसायला सांगितलंय कुणी?

वडील अंगणात पुरलेल्या रांजणातून वाईन काढायचे.
पाहुणा फाटकाशी दिसायच्या आत सुरई भरलेली.
भरायला वेळ लागतो, म्हणायचे,
तो वेळ पाहुण्याला दिसता कामा नये.

एक हजार चोवीस.
बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही.
आणि मग तिघंही आले,
एकाच उंबऱ्यावरून, कुणालाही ठेच न लागता.

मी सुरुवातीपासून ऐकायला घेतलं,
गाण्याच्याही आधीपासून, जिथे तामाझ सांगतो:
'हे गाणं ल-ल-लेचखुमीचं.'

पुन्हा!
चुकांचा आकडा पाहिला: शून्य.
परत लावलं. ल-ल-ले. शून्य.
उरलेला घुमारा काढला, डिस्क बदलली.
तेच तीन ल, त्याच जागी,
इमानदार.

मी तेव्हा खोलीत नव्हते.
हीटरने फ्यूज उडवला होता, मी जिन्यात होते,
रेकॉर्डिंग चालू ठेवून.
बाकी वेळ सगळ्यांच्या वतीने वालिकोच बोलला.
आणि खालच्या भट्टीवर तामाझ
पाव हातात देतो, किंमत बोटांनी दाखवतो.
चार वर्षं घेतेय मी त्याच्याकडून पाव.
मला वाटायचं, कामात असतो.

गाताना तो खालचा स्वर धरतो
बाकी दोघांचे दोन श्वास होईपर्यंत,
हलत नाही.

मागच्या आठवड्यात ते दोन ल मीच कापले होते.
मशीनची चूक म्हणून. सांधा इतका साफ
की मीच खूश झाले.
कच्चं मिक्स त्याला पाठवलं,
आज रात्री मूळ फाइल उघडेपर्यंत विसरूनही गेले.
त्याचं उत्तर आलं होतं, आवाजी, चाळीस सेकंदांचं,
एकाच वाक्याचं. नेटवर्क खराब आहे म्हणून
मी अर्धंच ऐकलं होतं.
आता पूर्ण ऐकते:
'इया, स-स-सुरुवातीला
हा क-कोण माणूस बोलतोय?'

कापलेलं कुठे जात नाही.
तुकड्याची कड धरून ओढली,
दोन्ही ल जिथल्या तिथे निघाले.
गाणं एक सेकंद आणि वर थोडं लांबलं.

साडेतीनला खाली भट्टीचं झाकण वाजलं.
नाणं शोधलं, मिळालं नाही.
जिन्याने उतरले, लॅपटॉप छातीशी धरून,
झाकण अर्धं उघडं,
पंखा चालू.